मिठाच्या मडक्यातली कवटी

ऐन रीहान
२२ ऑक्टोबर १९७८

अम्मार मामांना लझरचा सलाम.

रीत म्हणून लिहितो की इथे सगळे सुखरूप आहेत. आता खरं लिहितो. हे पत्र एकट्याने वाचा, मामीला नंतर काय सांगायचं ते सांगा.

काल सकाळी आई रीहानच्या झुडपांची काळी फळं वेचायला खालच्या झऱ्याच्या वाटेने रानात गेली होती. दुपार व्हायच्या आत परत आली. टोपली रिकामी, आणि डोक्याचं फडकं हातात, त्यात झऱ्यापाशी सापडलेलं काहीतरी गुंडाळलेलं. तुमची बहीण उघड्या डोक्याने अख्ख्या वस्तीतून चालत आली, मामा. यावरून काय ते समजा.

फडकं सोडलं तर आत कवटी. जनावराची. मांसाचा कण नाही, मुंग्यांनी साफ केलेली. खालचा जबडा नाही, वरचे सुळे लांब. आणि टाळूला भोक, अक्रोड आत जाईल एवढं. आई म्हणाली, "तरस आहे. मेंदू काढून घेतलाय. कुठे गेला ते आता तुझ्या बायकोला विचार."

शहरात राहून तुम्ही विसरला असाल, पण नवऱ्याला मुठीत ठेवायचं तर बायका काय खाऊ घालतात ते आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. तरसाचा मेंदू, चिमूटभर, कालवणातून. मग माणूस मान खाली घालून सांगाल ते ऐकतो, आणि पुढे भ्रमिष्ट होऊन मरतो. मी या गोष्टीला हसायचो. काल मला हसू आलं नाही.

कारण आईने बोटं दुमडून एकेक मोजून दाखवलं. मी फजरियाबरोबर ओल्या गोधड्या पिळतो. लेकीला, नजवाला, मीच न्हाऊ घालतो. आवाज चढवत नाही. आणि आईला माहीत नाही ते तुम्हाला सांगतो. या मोसमात साल सोललेल्या बुचाच्या झाडांवर मी वर्षाचा आकडा रंगवत होतो, तर चाळीस झाडांवर अठ्ठ्याहत्तरऐवजी एकोणऐंशी रंगवून ठेवला. वनखात्याचे साहेब म्हणाले, "लझर, तू पुढच्या वर्षात राहतोस का?" डोकं जड असतं. झोप येत नाही. हे कशाने होतं?

आणि फजरिया. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. कवटी बघितली मात्र, तिच्या हातातला सुपाचा वाडगा खाली पडला. चेहरा पांढराफटक. तुकडे गोळा केले आणि आत गेली. निर्दोष माणूस असं करतं का?

शेजारच्या बिलगासमचं गाढव आठ दिवसांपूर्वी वेडं होऊन मेलं, स्वतःचेच पाय चावत होतं. सगळे म्हणाले कण्हेर खाल्ली. आई म्हणते, कण्हेर कसली, या घरातलं उरलेलं कुणीतरी तिकडे फेकलं असणार.

कवटी आईने मिठाच्या मडक्यात पुरून ठेवली आहे, म्हणजे तिची बाधा बाहेर येणार नाही. तुम्ही शाळेच्या संग्रहासाठी तीस वर्षं हाडं उकडून, जोडून ठेवता. तुम्हीच सांगा हे तरस आहे की नाही. तुम्ही नाही म्हणालात तर आई ऐकेल. दुसऱ्या कोणाचं ऐकणार नाही.

मला भीती वाटते, मामा. बत्तीस वर्षांचा आहे, रानडुकराला भ्यालो नाही, आणि घरातल्या ताटाला भितोय.

तुमचा
लझर


ट्यूनिस
२७ ऑक्टोबर १९७८

बेटा लझर,

पत्र एकट्याने वाचलं आणि मग तुझ्या मामीला वाचून दाखवलं, कारण या घरात मी तिच्यापासून काही लपवलं तर मला जेवण मिळत नाही. गोधड्याही मीच पिळतो. तुझ्या आईच्या हिशेबाने मी एकोणीस वर्षं तरसाचा मेंदू खातोय आणि अजून मेलो नाही. तुझी मामी बेया विचारते, कुठे मिळतो तो, संपत आलाय.

हसलास का? हस. मग पुढचं नीट वाच.

तू उन्हाळाभर वणव्याच्या मचाणावर जागलास. तीन महिने न झोपलेला माणूस झाडावर एकोणऐंशी लिहितो. यात मेंदूचा संबंध आहे, पण तो तुझ्याच मेंदूचा.

आता कवटी. हाड खोटं बोलत नाही, बघणारा चुकतो. माझ्या ताईने, अल्लाह तिला उदंड आयुष्य देवो, जिवंत तरस आयुष्यात पाहिलेलं नाही. त्या डोंगरात मी शेवटचं पाहिलं ते एकोणपन्नास साली, तेही मेलेलं, एका शिकाऱ्याच्या गाढवावर. तरसाची कवटी मोठी असते. लांबी तुझ्या ताणलेल्या वितीहून जास्तच भरेल. टाळूवर मधोमध हाडाचा उंच कणा असतो, बोटाने चाचपलास तरी कळेल. दाढा बोथट आणि जाड, हाडं फोडायला केलेल्या.

आणि सगळ्यात सोपी खूण अशी. वरच्या जबड्यात मागच्या बाजूला सुरीच्या पात्यासारखा एक मोठा दात असतो. त्याच्या मागे बघ. कुत्रा, कोल्हा यांना तिथे दोन रुंद चपट्या दाढा असतात. तरसाला जवळजवळ काही नसतं, तांदळाएवढा एक दात, बस. वरच्या जबड्यात तरसाचे दात एकूण अठरा, कोल्ह्या-कुत्र्याचे वीस.

ताई घरात नसताना कवटी बाहेर काढ. झाडाचा घेर मोजायची तुझी टेप आहे, तिने लांबी मोज. कागदावर ठेवून पेन्सिल फिरव, एकदा वरून, एकदा खालून. भोक कुठे आहे, कडा कशा आहेत तेही काढ. कोरड्या हाडाला भिऊ नकोस, ते कुणाला चावत नाही.

उत्तर येईपर्यंत फजरियाला एक शब्द बोलायचा नाही. ती पोरगी हुशार आहे. तुमच्या लग्नात तिने मला विचारलं होतं की साळिंदराच्या पाठीचे काटे पिसासारखे गळतात का. असा प्रश्न विचारणारी बाई मडक्यात मेंदू ढवळत बसत नाही.

तुझा मामा
अम्मार


ऐन रीहान
२ नोव्हेंबर १९७८

मामा,

अठरा.

काल आई हमामला न्हायला गेली तेव्हा कवटी काढली. मीठ जमिनीवर सांडलं, ते पुन्हा भरताना अर्धा वेळ गेला. दात तीनदा मोजले. अठरा. तुम्हीच लिहिलंय, तरसाचे अठरा. टाळूवर कणाही आहे, फार उंच नाही, पण आहे. लांबी साडेसोळा सेंटीमीटर. लहान आहे हे मला दिसतं, पण तरसाचं पिल्लूही असतंच ना? आई म्हणते की पिल्लाचाच मेंदू जास्त चढतो. होय, आईला सांगितलं. सांगायला नको होतं, पण तोंडावर दिसलं असेल.

चित्रं सोबत आहेत. बुचाच्या वजनाच्या पावत्यांच्या मागे काढली आहेत, दुसरा कागद नव्हता.

तुम्ही बोलू नकोस म्हणालात म्हणून बोललो नाही. नुसतं बघत राहिलो, आणि बघितलं ते तुम्हाला लिहितो. तुम्ही तिची बाजू घेता, म्हणून मुद्दाम लिहितो.

आपण सगळे एका मोठ्या थाळीतून जेवतो. फजरिया गेले पंधरा दिवस थाळीला हात लावत नाही. कोपऱ्यात वेगळा वाडगा घेऊन बसते. पाणी प्यायचा पेलाही वेगळा, तो स्वतः राखेने घासते आणि उंच फळीवर ठेवते, कुणी घेऊ नये म्हणून. नजवाने एकदा तो घेतला तर तिच्या हातातून हिसकावून घेतला, पोर रडायला लागलं. विचारलं तर म्हणते, "मला सर्दी आहे." पंधरा दिवस सर्दी? मामा, जे आपल्याला वाढायचं ते तिला स्वतःला खायचं नाही. दुसरं काय कारण असणार?

नजवाला ती जवळ घेत नाही. मुका घेत नाही. रात्री आईकडे झोपायला पाठवते, आणि पोर रडली की भिंतीकडे तोंड करून बसते. आई म्हणते, अशा बायकांचं पोरावरचं मन पहिल्यांदा उडतं.

मी घरचं खाणं बंद केलंय. उकडलेलं अंडं, स्वतः सोललेलं, आणि डब्यातले सार्डिन मासे. अंड्याच्या कवचातून कुणी काही घालू शकत नाही. काल ती माझ्यासमोर कुस्कुस ठेवून उभी राहिली. मी म्हटलं, "चौकीवर खाल्लं." ती थाळीकडे बघत राहिली, मग म्हणाली, "आईने वाढलं तर खाल का?" आणि माझ्या आईलाच बोलावून थाळी तिच्या हातात दिली. मी तरी नाही खाल्लं. मला लाज वाटली, पण नाही खाल्लं.

तिच्या डाव्या हाताच्या कडेला जखमेचा वण आहे. म्हणते, काट्यांच्या झुडपाने ओरबाडलं, मी मचाणावर होतो तेव्हा. आता ती तिथे सारखी खाजवते. आई म्हणते, तरसाला हात लावणाऱ्याचा हात असाच खाजतो.

पुढच्या शुक्रवारी, दहा तारखेला, मी तिला तिच्या बापाकडे सोडून येणार आहे. पलीकडच्या डोंगरात, जिथे बस जात नाही. नजवा इथे राहील. फजरियाला सांगितलं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "बरं होईल. नजवा इथेच असू दे." एवढंच. मामा, आई असून ती असं म्हणाली.

लझर


ट्यूनिस
६ नोव्हेंबर १९७८

लझर,

सकाळी तार केली आहे: तिला माहेरी नेऊ नकोस, पत्र येतंय. हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय, टपालावर भरवसा नाही. एका जागी बस आणि शेवटपर्यंत वाच.

आधी तुझे अठरा. तुझ्याच चित्रात, डाव्या बाजूला, सुरीसारख्या दाताच्या मागे दोन खळगे आहेत. तूच काढलेस, गोल गोल. ते कशाचे आहेत वाटलं तुला? दात गळतात, खळगे राहतात. उजवीकडे दोन्ही चपट्या दाढा जागेवर आहेत. अठरा दात आणि दोन खळगे, वीस. दाढा झिजलेल्या आहेत, तेव्हा पिल्लूही नाही. साडेसोळा सेंटीमीटर, निमुळतं तोंड, उतरतं कपाळ. पूर्ण वाढलेला कोल्हा. साधा, आपल्या रानात रोज ओरडतो तो. हे मी पन्नास लोकांसमोर सांगेन आणि माझ्या ताईच्या तोंडावरही सांगेन. तरस नाही, मेंदू नाही, जादू नाही.

इथे पत्र संपलं असतं तर मी देवाचे आभार मानून चहा प्यायलो असतो. मी चित्र बाजूला ठेवलं होतं. मग ते भोक पुन्हा पाहिलं.

मेंदू काढायचा असेल तर माणूस कवटीला मागून हात घालतो, तिथे मानेचं भोक आयतंच असतं. हे भोक वरून आहे. कडा आत दबलेल्या, आणि भोवती भेगा. हे दांडक्याचं काम आहे. एकच घाव, जोराचा, समोरून, जनावर जिवंत असताना.

आता तू वनरक्षक आहेस, मला सांग. कोल्हा दांडक्याच्या टप्प्यात कधी उभा राहतो? माणसाचा वास आला की तो अर्धा डोंगर ओलांडतो. जो पळत नाही, उलट अंगावर येतो, तो कोल्हा कसला असतो? आणि गाढव स्वतःचे पाय कशाने चावतं? कण्हेर खाल्लेलं गाढव आडवं पडून मरतं, लझर. ते चावत सुटत नाही.

पिसाळलेला होता तो. कुणीतरी त्याला समोरासमोर मारलं, खालच्या झऱ्यावर, महिना-दीड महिन्यापूर्वी. झऱ्यावर लाकडी दांडकं घेऊन कोण जातं? धुणं बडवायला कोण जातं? कुणाच्या हातावर वण आहे, जो आता खाजतो?

तुझं पत्र मी पुन्हा वाचलं. तू लिहितोस, ती तुमच्या थाळीला हात लावत नाही. गाढवा, ती तुमच्या थाळीपासून स्वतःला वाचवत नव्हती. स्वतःपासून तुमची थाळी वाचवत होती. पोरीचा मुका ती का घेत नाही ते आता तुला कळलं असेल. मला लिहवत नाही.

तिने का सांगितलं नाही म्हणून तिच्यावर ओरडू नकोस. ज्या घरात ते मडकं ठेवलंय तिथे "हे जनावर मी मारलं" असं ती कोणत्या तोंडाने सांगणार होती?

बासष्ट साली एका मेलेल्या कुत्र्याचं डोकं साफ करताना मला सुरी लागली होती. तो कुत्रा पिसाळलेला निघाला. एकवीस दिवस रोज पोटात सुई. दुखतं, पण मी हे पत्र लिहितोय. त्या सुया रोग वर येण्याआधी सुरू झाल्या तरच उपयोग. एकदा का पाणी बघून घसा आवळायला लागला की जगात कुठेच इलाज नाही. हे मी तुला घाबरवायला लिहीत नाही, तुला माहीत असावं म्हणून लिहितो. वण खाजू लागणं मला अजिबात आवडलेलं नाही.

घरात जा, तिचा हात बघ, कोल्हा चावला का ते विचार. होय म्हणाली तर उत्तर लिहीत बसू नकोस. पहिली बस पकडा. मी स्टँडवर उभा असेन, उद्याही आणि परवाही.

अम्मार


ट्यूनिस, मामांच्या घरून
१४ नोव्हेंबर १९७८

नजवाच्या बाबांना,

मामा सांगतात, आज लिहिलं तर पत्र शनिवारपर्यंत मिळेल. येताना बसमध्ये पाच तास तुम्ही माझा हात धरून बसलात आणि एकदाच विचारलंत, "का नाही सांगितलं?" मी उत्तर दिलं नाही. सगळी बस ऐकत होती. आता लिहिते.

सप्टेंबरची एकवीस तारीख होती. तुम्ही मचाणावर. आईंनी सांगितलं होतं की खालच्या झऱ्यावर पोरीला घेऊन एकटी जाऊ नकोस, डुकरं असतात. मी गेले, कारण वरच्या झऱ्याला पाणी नव्हतं. नजवा दगडावर बसून पानांच्या होड्या सोडत होती. कोल्हा झाडीतून आला तो सरळ तिच्याकडे. धावत नव्हता, चालत होता, तोंड उघडं. मी ओरडले तरी थांबला नाही. मी मध्ये हात घातला, तो हाताला चावला. दुसऱ्या हातात दांडकं होतं.

नजवाला काही झालं नाही. तिला मी तिथेच पाण्यात उतरवून तिचं अंग इंच न् इंच बघितलं. मामांनाही सांगितलंय. डॉक्टरांनाही. तिला काही नाही.

त्या दिवशी मी गप्प राहिले ते आईंच्या भीतीने. पोरीला तिथे नेलं म्हणून बोलल्या असत्या, आणि बरोबरच बोलल्या असत्या. जनावर पाल्याखाली ढकललं, हात धुतला, काटा लागला म्हटलं. कोल्हा भुकेला असेल असं मनाला सांगितलं. मग बिलगासमचं गाढव गेलं. लोक कण्हेर म्हणाले, पण मी लहान असताना आमच्या गावात एक माणूस तसा गेला होता, मला ते गाढव बघून कळलं. ठरवलं होतं की तुम्ही चौकीवरून घरी राहायला आलात की सांगेन. तुम्ही आलात ऑक्टोबरच्या वीस तारखेला. एकवीसला आई फडकं घेऊन आल्या.

मी तो वाडगा टाकला ते पकडली गेले म्हणून नाही. तो घाव ओळखला म्हणून.

त्यानंतर तोंड उघडलं असतं तर आई म्हणाल्या असत्या, बघा, स्वतःच कबूल करते की तिने मारलं. मग तुम्ही काय म्हणाला असता? तुम्ही अंडी सोलायला लागला होता. त्या दिवशी मी ठरवलं, आता माहेरी जावं. तिथे डोंगरात, तुमच्या आणि नजवाच्या नजरेआड. मी तेव्हा जगायचं सोडलंच होतं. हे मी तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. खरं विचारलंत म्हणून लिहिते.

तुम्ही मामांचं पत्र घेऊन आत आलात, आणि माझी मूठ उघडलीत. तेव्हा मला पहिल्यांदा मरायची भीती वाटली. त्याआधी नुसती वाट बघत होते.

सहा सुया झाल्या. पोटावर गाठी येतात, मामी गरम कापडाने शेकते आणि मामांच्या सुयांच्या गोष्टी सांगते, ते म्हणे प्रत्येक सुईला आईला हाक मारायचे. खाज कमी झाली आहे. डॉक्टर म्हणाले की खाज भरत आलेल्या जखमेचीही असते, आणि दुसरीही असते. कोणती ते दिवसच सांगतील.

नजवाला रात्री पायावर पांघरूण लागतं, नाहीतर उठते. आईंना सांगा.

फजरिया


ऐन रीहान
१९ जानेवारी १९७९

अम्मार मामांना आणि मामीला सलाम.

पत्राला उशीर झाला. बर्फ पडलं, रस्ता नऊ दिवस बंद होता. त्या नऊ दिवसांत मला एकच विचार होता, की आता काही झालं तर बस नाही.

काही झालं नाही.

तुम्ही विचारलंत, ताईचं काय. आई माफी मागणारी बाई नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. फजरिया डिसेंबरात परत आली त्याच्या आदल्या दिवशी आईने ते मडकं झऱ्यावर नेऊन फोडलं. मीठ पाण्यात सोडलं, कवटी पुरली आणि वर दगड रचले. मी मागून बघत होतो. परत आल्यावर मला म्हणाली, "मेल्या, दात मोजता येत नाहीत तर टेप कशाला बाळगतोस?" आणि मग चुलीपुढे बसून रडली. मी तिच्याजवळ बसलो. फजरियावर तो आळ आम्ही दोघांनी मिळून घेतला होता, मामा. ती एकटीच बोलत होती म्हणून सगळे तिचं नाव घेतात. मी गप्प बसून अंडी खात होतो.

पहिल्या रात्री फजरियाने आपला वाडगा पुन्हा वेगळा घेतला. डॉक्टर म्हणाले होते गरज नाही, तरी घेतला. आईने तो तिच्या हातातून काढून मोठ्या थाळीत उपडा केला. चमचा पुढे केला. फजरिया माझ्याकडे बघायला लागली. मी जेवायला सुरुवात केली. कुस्कुस, भोपळा, हरीसाचं तिखट जरा जास्तच. नजवाने फजरियाच्या मांडीवर बसून दोन घास खाल्ले आणि तिथेच झोपली. फजरियाने तिच्या केसांचा वास घेतला. मुका अजून घेत नाही. म्हणते, उन्हाळा उजाडू दे.

डॉक्टर म्हणाले, बहुतेकांना तीन महिन्यांच्या आत कळतं. एखाद्याला वर्षही लागतं. सुया वेळेत पोचल्या की नाही हे सांगणारं कुठलंही हाड नसतं, हे मी तुमच्याकडून ऐकलं असतं तर बरं वाटलं असतं, पण ते तुम्हीही लिहिलं नाहीत.

म्हणून मी रोज सकाळी चौकीवर जायच्या आधी झऱ्याचं ताजं पाणी आणतो आणि पेला भरून तिच्यासमोर ठेवतो. ऑक्टोबरात मी ती मला काय वाढते ते बघायचो. आता ती पिते का ते बघतो. तिला ठाऊक आहे मी का उभा असतो. पेला ओठाला लागेपर्यंत माझे पाय जागचे हलत नाहीत. ती पूर्ण पिते, सावकाश, माझ्याकडे बघत, आणि पेला उपडा करून दाखवते की थेंबही उरला नाही. मग मी जातो.

त्या चाव्याला आज एकशे विसावा दिवस. आजही प्यायली.

तुमचा
लझर